मॅग्नम घेण्याआधी

परवान्यावर दुसरे शस्त्र नोंदवायची वेळ आली की आपल्या वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: साधी .३०-०६ घ्यावी की थोडे पैसे जास्त घालून .३०० विनचेस्टर मॅग्नम? २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. निवड चुकली तर ती वर्षानुवर्षे सांभाळावी लागते, म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

आधी आकडे पाहू. .३०-०६ हे १९०६ सालचे काडतूस. १८० ग्रेनची गोळी ते सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने फेकते. १९६३ साली आलेले .३०० विनचेस्टर मॅग्नम तीच गोळी ९०० मीटरने फेकते. ऊर्जा जवळपास वीस टक्क्यांनी वाढते. त्यासाठी दारू मात्र तीस टक्क्यांच्या आसपास जास्त जाळावी लागते आणि सारख्याच वजनाच्या रायफलीत खांद्यावरचा धक्का एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. जास्तीच्या दारूने नळीचा घसाही लवकर झिजतो. आता या खर्चात काय मिळाले ते बघा. दोन्ही रायफली २०० यार्डांवर झिरो केल्या, तर ३०० यार्डांवर दोन्ही गोळ्यांच्या घसरणीतला फरक दोन इंचांच्या आतच राहतो. ५०० यार्डांच्या पुढे, वाऱ्यात, मॅग्नम खरोखर सरस ठरते. आफ्रिकेच्या मोकळ्या माळावर, मोठ्या जनावरासमोर १९१२ सालच्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमने आपली योग्यता शंभर वर्षे सिद्ध केली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी शेकडो हत्ती .२७५ रिग्बीसारख्या हलक्या काडतुसाने पाडले. गोळी कुठे बसवायची हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्याकडे ५०० यार्ड आहेत कुठे? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. उरले ते पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर, तेही वनखात्याच्या लेखी परवानगीनंतरच. रायगड-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी रात्री बांधावर बसतो तेव्हा जनावर तीस-चाळीस पावलांवर असते. तिथे बारा बोअरचे एल.जी. काडतूस पुरते. फार तर .३१५ची रायफल. .३०३ लष्करी बोअर म्हणून नागरिकांना मनाई झाली, त्यातून ही .३१५ आपल्याकडे रुजली, आणि तिच्या काडतुसाच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे खडकीच्या कारखान्याची आहेत. याउलट मॅग्नमची चुकलेली गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. कोकणात वाडीला वाडी लागून आहे, जांभ्याच्या कातळावरून गोळी उसळते. ज्याच्या शेताच्या पलीकडे दुसऱ्याचे अंगण आहे, त्याने मॅग्नमचा विचारही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या दृष्टीने याहून मोठी आहे. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील याला मर्यादा असते. परदेशी मॅग्नम काडतूस महाग आणि दुर्मीळ, म्हणून माणूस ते जपून ठेवतो. सराव होत नाही. आणि ज्या काडतुसाचा सराव नाही, त्याचा धक्का शरीर विसरत नाही. चाप दाबायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा पुढे येतो आणि गोळी खाली-डावीकडे जाते. ही खोड एकदा लागली की .२२ हातात घेतल्यावरही सुटत नाही. प्रशिक्षकांना विचारा, ती मोडायला महिने लागतात.

म्हणून ज्याच्याकडे प्रीमियम काडतुसासाठी पैसा आहे, त्याने तो .२२ मध्ये घालावा. इथे प्रीमियम शब्दाला खरा अर्थ आहे. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. ४० ग्रेनची गोळी, ऊर्जा मॅग्नमच्या तिसाव्या हिश्श्याहून कमी, पण वेगात जरा चढउतार झाला की ती वर-खाली सरकते आणि दहाचे नऊ होतात. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर-५० किंवा लापुआची वरची काडतुसे महाग असतात ती या सातत्यासाठी. तरीही नुसते नाव पाहून पेटी उचलू नका. एकाच कंपनीचा एक लॉट तुमच्या नळीला मानवतो, दुसरा मानवत नाही. रायफल शिकंज्यात बांधून निरनिराळ्या लॉटचे ग्रुप काढा आणि जो घट्ट बसेल तोच हंगामभरासाठी घ्या. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकले ते याच छोट्या काडतुसावर. आपल्या शेजारी, नवीन पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबमध्ये मुले एअर रायफल धरून तासन्‌तास उभी असतात. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. २००४ साली क्वालालंपूरला ४००पैकी ४०० मारणाऱ्या सुमाताईंकडून श्वास आणि चाप शिकलेले मूल पुढे कोणतेही काडतूस हाताळू शकेल.

शेवटी एक मागणी. शेतीसंरक्षणाच्या परवानाधारकांपैकी कित्येकांनी आपली बंदूक रेंजवर कधी चालवलेलीच नाही. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, परत मिळते, आणि थेट बांधावर जाते. भात पिकण्याआधी, सप्टेंबरात, जिल्हा पोलिसांनी आपल्या फायरिंग रेंजवर या शेतकऱ्यांना एक दिवस द्यावा आणि त्या दिवशी झाडलेली काडतुसे वार्षिक मर्यादेत धरू नयेत. रायगड आणि ठाण्याच्या क्लबांनी प्रशिक्षक पाठवायची तयारी दाखवावी. तसे पत्र आम्ही या महिन्यात दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना देत आहोत; क्लबांनी आपली संमती दहा तारखेपर्यंत कळवावी.