नावडत्या गाण्याचं मीठ

लग्नसराईत वेरूळ, खुलताबाद, कन्नड या पट्ट्यात वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, कोणत्या गाण्याचा सगळ्यात जास्त वीट आलाय? उत्तर तोंडावरच असतं. बँडवाला म्हणतो 'नागिन'ची बीन, ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला म्हणतो 'झिंगाट', बेंजोवाला म्हणतो 'कोंबडी पळाली'. साठी उलटलेला क्लॅरिनेटवाला जरा थांबतो आणि 'बहारों फूल बरसाओ'चं नाव घेतो. मग सगळे सुस्कारा सोडतात, पुढच्या सुपारीचा विसार घेतात आणि परण्या निघाला की पुन्हा तीच चार गाणी वाजवतात. मख्ख चेहऱ्यानं.

माझं भांडण त्या मख्ख चेहऱ्याशी आहे. मी स्वतः कीबोर्डवाला, म्हणजे भांडण घरातलंच. नावडतं, घासून गुळगुळीत झालेलं, दुसऱ्याचं गाणं मजेनं वाजवता येणं हा आमच्या कामाचा भाग आहे, आणि ही मजा शिकता येते. जो ती शिकत नाही त्याची अभिरुची फार उंच असते असं नाही. बहुधा त्याचं शिक्षण अर्धं राहिलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप मानाचा. 'आम्ही कलावंत आहोत. नाणं टाकलं की वाजणारा डबा नाही. जे मनाला पटत नाही ते वाजवायचं आणि वर आनंदही मानायचा, ही लाचारी झाली.' ऐकायला बाणेदार वाटतं. मोठमोठे दाखलेही दिले जातात. रशियन पियानोवादक रखमानिनॉव्ह यांनी एकोणिसाव्या वर्षी एक छोटी रचना लिहिली आणि ती जन्मभर त्यांच्या मानगुटीवर बसली. कुठेही मैफल असो, शेवटी लोक तीच मागायचे, आणि ते वैतागायचे. दाखला खरा आहे, पण अर्धाच सांगतात. वैतागूनही ते ती वाजवत राहिले, स्वतःच्या हातांनी पुन्हापुन्हा ध्वनिमुद्रितही केली. वैताग त्यांच्या मनात राहिला, बोटांपर्यंत आला नाही.

पण रशियापर्यंत जायचं कशाला? आपली संगीत रंगभूमी उभीच राहिली ती उसन्या चालींवर आणि वन्समोरवर. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा पदांच्या चाली लोकांच्या कानावरून आधीच गेलेल्या होत्या. 1916 च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून पदं बांधली. ती पदं गाणाऱ्या बालगंधर्वांनी चाली घडवलेल्या नव्हत्या, शब्दही त्यांचे नव्हते. तरी वन्समोर आला की तेच पद पुन्हा, आणखी वन्समोर आला की आणखी पुन्हा. हे सांगताना जुन्या रसिकांचा ऊर भरून येतो. त्याला लाचारी म्हणायची कुणाची छाती नाही. गंधर्वांनी केलं की वैभव आणि वरातीतल्या क्लॅरिनेटवाल्यानं केलं की लाचारी, हा न्याय मला कळत नाही. फरक तिकिटाच्या दराचा असेल, तत्त्वाचा नाही.

आता प्रतिपक्ष शहाणा असेल तर तो इथं हटकेल: 'गंधर्वांना ती पदं आवडत होती. प्रश्न नावडत्या गाण्याचा आहे.' बरोबर. म्हणून नावडीकडेच वळू.

नावडतीचं मीठ अळणी. गाण्याच्या बाबतीत ही म्हण तंतोतंत लागू पडते, कारण मीठ बहुतेक वेळा त्यात असतं. आपण चाखायचं सोडलेलं असतं. 'बहारों फूल बरसाओ' घ्या. 1966 च्या 'सूरज'मधलं शंकर-जयकिशन यांचं गाणं, रफींनी गायलेलं. नवरा घोडीवर बसला की हे गाणं ठरलेलंच, त्यामुळे वाजवणाऱ्याचे कान त्याला केव्हाच बंद झालेले असतात. पण त्याचे स्वर मांडून बघा. भूप सगळ्यांना येतो: सा रे ग प ध. त्यातला एक गंधार तेवढा कोमल केला की शिवरंजनी. याच संगीतकार जोडीनं पुढं 1970 मध्ये 'मेरा नाम जोकर'साठी 'जाने कहाँ गए वो दिन' बांधलं तेही याच रागात. म्हणजे ज्या स्वरांत पडद्यावरचा जोकर गेलेल्या दिवसांसाठी रडतो, त्याच स्वरांत आपण नवऱ्याला मांडवात नेतो. हे एकदा लक्षात आलं की त्या कोमल गंधारावरून सरळ उडी मारून जाववत नाही. क्लॅरिनेटवाल्यानं तिथं फुंकर किंचित रोखली तर मागं चालणाऱ्या वरमाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. कोमल गंधार म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि ती बदनाम बीन! 1954 च्या 'नागिन'ला संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली बीन मुळात बीन नव्हेच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलीन नावाच्या विजेच्या वाद्यावर तो आवाज काढला आणि जोडीला रवी हार्मोनियमवर होते. गारुड्याच्या पुंगीची ती नक्कल, आणि आपला बँडवाला क्लॅरिनेटवर त्या नकलेची नक्कल करतो. ओठ सैल सोडून, भोकावरचं बोट हळूहळू उचलून स्वर घसरवायचा, हे काम सोपं नाही. ज्याला जमत नाही त्याची नागीण पहिल्या वळणालाच मरते. मजेची गोष्ट पुढंच आहे. ते हार्मोनियमवाले रवी नंतर स्वतः संगीतकार झाले. 'नीलकमल'मधलं (1968) 'बाबुल की दुआएँ' त्यांचं आणि 'आदमी सड़क का'मधलं (1977) 'आज मेरे यार की शादी है' हेही त्यांचंच. वरातीत दोस्तांनी नाचायचं कशावर आणि पाठवणीला बापानं रडायचं कशावर, हे दोन्ही एकाच माणसानं ठरवून ठेवलं, आणि मधल्या नागिणीतही त्याचा हात आहे. ज्याला हे ठाऊक आहे त्याला ही तीन गाणी पाठोपाठ वाजवताना कंटाळा येणं कठीण.

'झिंगाट'बद्दल नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, तुम्ही त्याचा ठेका हलगीच्या कानानं ऐकलाय का? 2016 च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला, आणि त्याच चित्रपटात त्यांनी हे गाणं ठेवलं. पहिल्याचं कौतुक आणि दुसऱ्याची लाज, असं त्या दोघांना वाटलेलं दिसत नाही. 'कोंबडी पळाली' हे 2006 च्या 'जत्रा'मधलं, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्या आवाजातलं. सहा वर्षांनी 'अग्निपथ'मध्ये त्याचं 'चिकनी चमेली' झालं, तेही अजय-अतुल यांच्याच हातून. खुद्द कर्त्यांना स्वतःची चाल दुसऱ्यांदा वाजवताना संकोच वाटला नाही. आम्ही कोण लागून गेलो!

माझा मुख्य पुरावा मात्र गाण्यातला नाही. तो आमच्या गावच्या डोंगरात आहे.

वेरूळला चौतीस लेणी आहेत. त्यात रावण कैलास हलवतोय हा प्रसंग किती ठिकाणी कोरलाय ते बघत फिरा. एकोणतिसाव्या लेण्यात, म्हणजे धुमार लेण्यात आहे. एकविसाव्यात, रामेश्वरात आहे. चौदाव्याला तर नावच 'रावण की खाई' पडलंय. आणि सोळाव्यात, कैलासात, दक्षिणेच्या अंगाला आहेच. शिवपार्वती सारीपाट खेळताहेत, हेही असंच पुन्हापुन्हा. विषय कारागिरानं निवडलेला नव्हता. तो ठरलेला, लोकांना पाठ असलेला, मागणीचा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर फर्माइशीचा. त्या कारागिराला तो आवडायचा की वीट आला होता, हे कुठल्याही दगडावर लिहिलेलं नाही. पण कैलासातला रावण बघा. पूर्वीच्यांनी भिंतीवर मांडलेला प्रसंग यानं खोल पोकळीत नेला. रावण जवळजवळ सुटा करून अंधारात बसवला, वर पार्वती दचकून शिवाला बिलगली, तिची दासी पळत सुटली. गोष्ट तीच, पात्रं तीच, शेवट तोच. कारागिरानं सावलीचं काम तेवढं आपलं केलं.

एवढंच कशाला, सबंध कैलासच पाहा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात तो डोंगरातून कोरून काढला. पण त्याचा आराखडा पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावरून आलेला आहे आणि विरूपाक्षामागं कांचीचं कैलासनाथ उभं आहे, असं अभ्यासक मानतात. पुढं जैनांनी तिसाव्या लेण्यात याच कैलासाची छोटी आवृत्ती कोरायला घेतली. ती अपुरी राहिली, लोक तिला छोटा कैलास म्हणतात. जगभरातून माणसं जे बघायला येतात ते असं ऐकलेलं गाणं आहे, आणि त्याचंही पुढं कुणीतरी गाणं केलंय. 'देवाधर्माच्या शिल्पांशी झिंगाटची तुलना करता?' असं कुणी डोळे वटारील. मी थोरवीची तुलना करत नाही, कामाची करतो. ठरलेला विषय पुन्हा हाती आला की कारागिरापुढं दोनच वाटा असतात: हात चालवायचा किंवा हात घालायचा. छन्नीला तिसरी वाट नसते, कीबोर्डलाही नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा, आणि मला पहिल्यापेक्षा तो जास्त घातक वाटतो. 'पोटासाठी वाजवायचं, पैसे मोजून घ्यायचे, मनाला लावून घ्यायचं नाही. आनंद घरी, रियाजात.' वरून समजूतदार दिसणारा हा सल्ला वादकाला दहा वर्षांत संपवतो. कारण त्याच्या हातून दिवसातले चार-पाच तास जे वाजतं त्यातून मन काढून घेतलं, तर उरलेल्या अर्ध्या तासाच्या रियाजासाठी ते मन परत येईलच याची हमी कुणी द्यायची? हाताला एकदा बेफिकिरीची सवय लागली की तो मालकंसातही बेफिकीरच चालतो. पैसे घ्यावेत, चोख घ्यावेत, विसार आधी घ्यावा. पण पैशाचं कारण सांगून कंटाळ्याला संरक्षण देऊ नये.

तिसरा पक्ष हुशारांचा: 'तेच गाणं, पण आपल्या पद्धतीनं बदलून वाजवा. नवे कॉर्ड टाका, लय मोडा.' तरुण मुलांना हे फार आवडतं. एका हळदीत आमच्यातल्या एकानं 'झिंगाट'चा ठेका अर्ध्यावर आणून त्याला उदास केलं होतं. नाचणाऱ्या बायका पाय उचललेल्याच राहिल्या. सुटका वादकाची झाली, हळद नासली. लोकांना त्या गाण्यात जिथं उडी मारायची असते ती जागा त्यांची आहे. ती हलवायचा अधिकार आपल्याला नाही.

मग काय करायचं? डीजेच्या पेटीला जे जमत नाही ते करायचं. वरातीत गाणं किती लांब चालेल हे कुणीच सांगू शकत नाही. नवऱ्याचा मामा वाकून नाचायला लागला की मुखडा सोडता येत नाही. मास्तर हात वर करतो आणि आख्खा ताफा त्याच चार ओळींत घुमत राहतो. मामा दमला, की ढोलकीचा उठाव आणि मग अंतरा. तो नेमका क्षण ओळखणं ही माझ्या मते आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड विद्या आहे. त्यासाठी गाणं इतकं अंगात मुरलेलं लागतं की नजर वाद्यावरून उठून माणसांवर जावी. नवं, आवडतं, अवघड गाणं वाजवताना आपण आपल्याच बोटांकडे बघत असतो. लोकांकडे बघायची मोकळीक शंभरदा वाजवलेलं गाणंच देतं. उजव्या हाताची ओळ आपोआप चालत असेल तर डाव्या हाताकडे लक्ष द्या. तो नीट असेल तर ऑक्टोपॅडवाल्याशी नजर जुळवा. गायिका काळी चारची आणि आज घसा बसलाय, तर तिला न विचारता स्केल अर्ध्यानं उतरवा. तिच्या नजरेत जी कृतज्ञता दिसते ती तुमच्या आवडत्या गाण्यातही मिळायची नाही.

याला मर्यादा आहे, आणि ती मी लपवत नाही. ज्या गाण्यात कुणाच्या जातीची टवाळी आहे, बाईचा अपमान आहे, ते नावडतं नव्हे, नाकारायचंच गाणं. तिथं आनंद शिकू नये, 'हे आमच्याकडे वाजत नाही' एवढं म्हणायला शिकावं. रात्री दहानंतर भोंगा चालू ठेवायची फर्माइशही त्यातलीच. तो बंद ठेवायचा नियम 2000 सालापासून आहे. पण गाणं उथळ आहे, सगळीकडे वाजतं, शाळकरी पोरांनाही पाठ आहे, ही नकाराची कारणं नाहीत. या तक्रारी पुष्कळदा आपल्या आळसाच्या असतात, गाण्याच्या नसतात.

म्हणून तरुण वादकांना सांगणं एवढंच: येत्या सुपारीच्या आधी तुमच्या सगळ्यात नावडत्या गाण्याची मूळ ध्वनिमुद्रिका एकदा शांतपणे, हेडफोन लावून ऐका. अंतऱ्यामागं कोण काय वाजवतंय ते शोधा आणि वरातीत तेवढं एक वाजवून बघा. आणि फर्माइश करणाऱ्या पाहुण्यांनाही एक विनंती आहे. तेच गाणं तिसऱ्यांदा जरूर मागा, पण त्याआधी बँडवाल्यांना पाणी पाठवा. क्लॅरिनेटवाल्याला आधी द्या.