दुसऱ्या यादीवरच्या सह्या

मराठी माणूस पानिपतचे नाव घेतो ते १७६१ सालासाठी. आजचे पानिपत हे हरियाणातील सतरंज्यांचे, ब्लँकेटांचे गाव. दिल्लीहून चंदीगडला जाणारा रस्ता इथूनच जातो. या रस्त्याच्या दोन टोकांना हरियाणातील शिक्षक भरतीचा एक घोटाळा शिजला, आणि तो शिजवायला सरकारी नोकरांचे हात लागले.

१९९९-२००० मध्ये राज्यात ३,२०६ प्राथमिक शिक्षक नेमायचे होते. जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या बसल्या, मुलाखती झाल्या, गुणांच्या याद्या खात्याच्या कपाटात आल्या. मग त्या बदलण्याचा हुकूम सुटला. प्राथमिक शिक्षण संचालक रजनी सेखरी सिब्बल यांनी नकार दिला. त्यांची बदली झाली. पण जाण्यापूर्वी त्यांनी ते कपाट सील करून घेतले. एवढी सावधगिरी किती अधिकारी दाखवतात?

पुढे संचालकपदी आलेल्या संजीवकुमार यांच्या काळात दुसऱ्या याद्या बनल्या. दिल्लीतील हरियाणा भवन आणि चंदीगडचे एक गेस्ट हाऊस इथे समितीच्या सदस्यांना बोलावण्यात आले. मुलाखतीचे गुण बदलले, सह्या झाल्या. २००३ मध्ये मूळ याद्या घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले तेही संजीवकुमारच! मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांनी दबाव आणला, अशी त्यांची तक्रार होती. सीबीआयने तपास केला आणि तक्रारदारालाही आरोपींच्या रांगेत बसवले.

जानेवारी २०१३ मध्ये ५५ जण दोषी ठरले. चौटाला, त्यांचे पुत्र अजय आणि संजीवकुमार यांना प्रत्येकी १० वर्षांची शिक्षा झाली. मथळे पितापुत्रांचे झाले. चार वर्षांची शिक्षा झालेल्या ४४ जणांची आठवण मात्र कुणी फारशी ठेवली नाही. बहुतेक शिक्षण खात्यातली मधल्या फळीतली माणसे. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा दोन वर्षांवर आणली, दोष मात्र कायम राहिला. वरून दडपण होते, हे खरेच. पण त्यांनी हात आखडता घेतला असता, तर दुसरी यादी कोऱ्या कागदापेक्षा जास्त किमतीची ठरली नसती.

इटलीत १९९२ मध्ये मिलानच्या एका वृद्धाश्रमाचा प्रमुख मारियो कीएझा सफाई कंत्राटदाराकडून लाच घेताना पकडला गेला. त्याच्या पक्षाचे नेते क्राक्सी यांनी त्याला भुरटा ठरवून हात झटकले. चिडलेला कीएझा बोलू लागला आणि दोन-तीन वर्षांत बडे सत्ताधारी पक्ष कोसळले. हरियाणात तोंड उघडायला तीन वर्षे आणि निकालाला आणखी दहा वर्षे लागली.

चौटाला २०२१ मध्ये सुटले, डिसेंबर २०२४ मध्ये वारले. पहिल्या यादीत नाव असूनही वर्गावर कधीच उभे न राहिलेले उमेदवार निकाल लागेपर्यंत सरकारी नोकरीच्या वयाच्या पलीकडे गेलेले असणार.