१३८ गुण, शून्य असिस्ट
स्कोअरशीट शेवटच्या रकान्यापर्यंत वाचायची खोड असलेल्यांना जॅक टेलरचं कौतुक जरा जडच जातं. २० नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, ग्रिनेल कॉलेजच्या या पोराने फेथ बाप्टिस्ट बायबल कॉलेजविरुद्धच्या बास्केटबॉल सामन्यात ३६ मिनिटांत एकट्याने १३८ गुण केले. कॉलेजच्या एका सामन्यात बेव्हो फ्रान्सिसने १९५४ साली केलेल्या ११३ गुणांचा विक्रम मोडला, टीव्हीवाले धावले. आता शेजारचे आकडे पाहा. शॉट १०८, बास्केट ५२. तीन गुणांचे प्रयत्न ७१, त्यातले ४४ वाया. आणि असिस्ट? शून्य! एवढ्या वेळात एकाही सवंगड्याला बास्केटसाठी त्याचा पास लाभला नाही. (दोष एकट्या पोराचा नव्हे, धडाधड शॉट मारत सुटायचं हीच ग्रिनेलची शिस्त.) समोरच्या संघातल्या डेव्हिड लार्सनने ४४ शॉटमध्ये ३४ बास्केट करत ७० गुण मिळवले. ग्रिनेलचा बचाव भगदाडासारखा होता हे खरं, पण समोरची सोपी संधी न दवडणं हेही कसबच. त्याचा संघ १७९-१०४ असा हरला, म्हणून त्याचं नाव मागे पडलं. त्या सामन्यातला सरस खेळाडू मात्र लार्सनच.