विश्लेषण : सर्व्हर थंड ठेवायला नुसते एसी पुरतील?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत जुन्या लाकडी बंगल्यांना उतरती कौले आहेत, पुढे व्हरांडा आहे. गरम हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट हवी, हे या घरांच्या बांधणीतच आहे. नवी मुंबईत उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांपुढेही हाच प्रश्न आहे.

उष्णतेचे काय करायचे?
संगणकाने वापरलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती नाहीशी होत नाही, बाहेर न्यावी लागते. सर्व्हरने मागे फेकलेली गरम हवा फिरून त्याच्याच तोंडाशी आली, तर कितीही एसी लावले तरी वीज वायाच जाते.

हवेला वाट कशी देतात?
सर्व्हरच्या रांगा समोरासमोर लावतात. पुढच्या बोळातून गार हवा आत जाते, मागच्या बोळात गरम हवा निघते. या बोळांना दारे व छत लावून दोन्ही हवा वेगळ्या ठेवतात. रॅकमधल्या रिकाम्या जागा बुजवतात. पंखे तापमान पाहून वेग बदलतात. मग खोलीचे शीतगृह करावे लागत नाही. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 18 ते 27 अंश सेल्सिअस असली तरी चालते. पुण्यात ‘आयसर’मधल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात तर थंड द्रवच तापणाऱ्या भागांपर्यंत नेला आहे.

कामाची वाटणी कशासाठी?
हातातल्या फोनला पंखा नसतो. तो तापला की प्रोसेसर वेग कमी करतो. डेटा सेंटरमध्ये तापलेल्या रॅकवरचे काम गार रॅककडे वळवता येते, घाई नसलेले काम रात्रीवर ढकलता येते. गूगलने 2016 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने थंडाव्यासाठीची वीज 40 टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे जाहीर केले होते.

सरकारने काय करावे?
देशातील डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसरात आहे. राज्याच्या 2023 च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांना सवलती आहेत. केंद्राची एकूण वीज भागिले संगणकांची वीज, या गुणोत्तराला ‘पीयूई’ म्हणतात. ते 1.5 असेल, तर संगणकांच्या 100 युनिटांमागे आणखी 50 युनिट मुख्यतः थंडाव्यावर जातात. सवलत घेणाऱ्या प्रत्येक केंद्राने हा आकडा आणि पाण्याचा वापर दरवर्षी जाहीर करावा, अशी अट हवी. वीज आणि पाणी शेवटी याच शहराच्या वाट्यातून जाते. ते कशावर खर्च होते, हे नागरिकांना कळलेच पाहिजे.