गळ्याचं ऑपरेशन, पाळीची तक्रार

थायरॉइडचं ऑपरेशन होऊन बाई घरी निघते तेव्हा तिच्या हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. टाके कधी दाखवायचे, कॅल्शियम किती घ्यायचं, हातापायांना मुंग्या आल्या तर काय करायचं, सहा आठवड्यांनी टीएसएच तपासायचा, हे सगळं त्यावर असतं. पाळीबद्दल मात्र बहुतेकदा अक्षरही नसतं. मग पुढच्या दोन-तीन महिन्यांत कुणाची पाळी दहा-दहा दिवस चालते, कुणाची येतच नाही. गळ्याच्या ऑपरेशनचा पाळीशी काय संबंध, असं वाटून ती सर्जनना सांगत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली तर गळ्याचं सांगायचं राहून जातं.

संबंध आहे, आणि तो वैद्यकाला नव्याने कळलेला नाही. बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांनी थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढलेले आपले जुने रुग्ण पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेक जण सुजलेले, मंदावलेले, थंडीने काकडणारे निघाले. हे त्यांनी 1883 मध्ये जाहीर केलं. 1891 मध्ये न्यूकॅसलचे डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉइड निकामी झालेल्या 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. तिची सूज उतरली, बोलणं सुधारलं, आणि तिची पाळी नियमित झाली हेही त्यांनी नोंदवून ठेवलं. तेव्हाच्या डॉक्टरांना जे विचारावंसं वाटलं, ते आजच्या धावत्या ओपीडीत विचारलं जात नाही, याचा मला राग येतो.

ऑपरेशनच्या ताणाने एखाद-दुसरी पाळी पुढे-मागे होणं साहजिक आहे. खरा प्रश्न थायरॉक्सिन, म्हणजे या ग्रंथीचं संप्रेरक, कमी पडलं की सुरू होतो. मेंदूकडून ग्रंथीला जादा हाकारे, म्हणजे टीएसएच, जाऊ लागतात आणि त्या गडबडीत प्रोलॅक्टिनही वाढू शकतं. बीज वेळेवर सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग एकदम कोसळतं. त्यात काही जणींचे रक्त गोठवणारे घटकही कमी होतात, म्हणून अंगावरून जास्त जातं. थायरॉक्सिनची गोळी जास्त झाली तर उलटं होतं, पाळी अगदी थोडी येते किंवा लांबते. कर्करोगानंतर टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात, तेव्हाही हे दिसू शकतं. किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल तर काही जणींची पाळी पुढचे काही महिने विस्कळीत राहते.

अर्धीच ग्रंथी काढलेल्या बाईला ‘आता गोळी लागणार नाही’ असं सांगून सोडून देतात. उरलेली अर्धी प्रत्येकीला पुरतेच असं नाही. तिचाही टीएसएच तपासायलाच हवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लोहाच्या गोळीने. अंगावरून जास्त गेलं, हिमोग्लोबिन उतरलं, डॉक्टरांनी लोह लिहून दिलं. बाई सकाळी उठून थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि कॅल्शियम, सगळं एका घोटात घेते, कारण पुढे दिवसभर तिला स्वतःकडे बघायला सवड नसते. लोह आणि कॅल्शियम दोन्ही पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं उतरत नाही. टीएसएच वाढतो, पाळीला आणखी जातं, हिमोग्लोबिन आणखी उतरतं, लोहाचा डोस वाढतो. औषधं सगळी बरोबर, वेळ तेवढी चुकलेली. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी. हे सांगायला एक मिनिट लागतं. ते मिनिट तिला मिळालंच पाहिजे.

धीरही हवा. थायरॉक्सिनची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे डोस बदलला की नवी पातळी स्थिरावायला सहा आठवडे जातात. पाळी त्याच्याही मागून येते. आठ दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नये आणि आपल्या मनाने गोळी तर मुळीच बंद करू नये.

मला भीती वाटते ती ‘पिशवी काढून टाका’ या सल्ल्याची. आपल्या राज्यात हा सल्ला किती सहज दिला जातो, ते 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांच्या निमित्ताने सगळ्यांनी पाहिलं. सरकारला समिती नेमावी लागली. चाळिशीतल्या बाईचं जास्त जाणं थायरॉक्सिनच्या कमतरतेमुळे असेल, तर त्यावर उपाय काही मायक्रोग्रॅमचा आहे. टीएसएच न पाहता गर्भाशय काढण्याची तारीख देणं अक्षम्य आहे. अर्थात प्रत्येक रक्तस्राव थायरॉइडच्या माथी मारायचा नाही. फायब्रॉइड असू शकतं, पाळी जाण्याचे दिवस जवळ आले असू शकतात. तासा-तासाला पॅड बदलावा लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं असेल, तर टीएसएचच्या रिपोर्टची वाट न पाहता तपासून घ्यावं.

आणि पाळी चुकली तर सारं खापर ऑपरेशनवर फोडू नये. डोस जुळला की बीज पुन्हा सुटू लागतं, त्यामुळे बरीच वर्षं दिवस न राहिलेल्या बाईलाही दिवस राहू शकतात. आधी गरोदरपणाची चाचणी करायची. ती होकारार्थी आली तर थायरॉक्सिनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, साधारण पाव ते तिसरा हिस्सा, आणि बाळाची स्वतःची ग्रंथी तोवर कामाला लागलेली नसते. त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून डोस विचारायचा, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही.