आखाडाची हाडे आणि वस्तीवरचा कुत्रा



गाय उलटते, म्हैस पान्हा चोरते, शेळीने चारा सोडला, अशी पत्रे आमच्याकडे नेहमी येतात. कुत्र्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. या खेपेला मात्र इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरून एका ताईंचे पत्र आले. त्यांचा वाघ्या तीन दिवस नुसता कुंथत होता. जागा बदलून बदलून बसायचा, पाठीची कमान करायचा, आणि होत काहीच नव्हते. घरात तीन मते होती. सासूबाई म्हणत होत्या, पोरांना देतो तसे काळ्या मनुका भिजवून पाजा. दिरांचे म्हणणे, बैलाच्या पोटफुगीसाठी आणलेले टरपेंटाइन आहे, त्यातलेच दोन चमचे द्या. शेजारचे काका साबणाची वडी कापून घेऊन आले होते.

ताईंनी खाली फोन नंबर दिला होता, हे फार बरे केले. पत्राच्या उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ अशा दुखण्यात नसतो. आम्ही लगेच फोन केला. पहिला प्रश्न विचारला, "मागच्या चार दिवसांत घरी मटण झाले होते का?"

उत्तर तुम्हीही सांगू शकाल. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरवरून सराटीकडे गेली, एकादशी झाली, की आपल्या भागात आखाड सुरू होतो. अमावास्येपर्यंत या वस्तीवर नाहीतर त्या वस्तीवर चुलीवर पातेले असतेच. जेवणे उरकली की सगळ्यांच्या ताटातली हाडे एका घमेल्यात जमा होतात आणि घमेले जाते कुत्र्यापुढे. वर्षभर भाकरी-ताकावर राहिलेला गडी! तो पोट भरले म्हणून थांबत नाही.

कुत्रा हाड चावतो, पण त्यातले सगळे पचत नाही. हाडाचा चुरा मोठ्या आतड्यात येऊन साचतो. मोठ्या आतड्याचे कामच मळातले पाणी शोषून घेण्याचे आहे. मळ जितका जास्त वेळ तिथे राहील तितका तो कोरडा होत जातो. हाडाच्या चुऱ्याचा तर अक्षरशः पांढरा, खडूसारखा गोळा होतो. त्यात शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे पडतात. ते आतड्याला किंवा गुदद्वाराला टोचले की कुत्रे दुखते म्हणून बसायचे टाळते, टाळले की गोळा आणखी वाळतो. भिगवणकडे, उजनीच्या पाण्याकाठी राहणाऱ्यांनी माशांच्या काट्यांबद्दलही हेच लक्षात ठेवावे. काटा बहुधा त्याआधीच घशात अडकतो.

आता त्या तीन उपायांकडे येऊ. त्यातला सर्वांत निरुपद्रवी दिसणारा उपाय सर्वांत वाईट होता. मनुका! आपल्या घरात पोर कुंथू लागले की रात्री मनुका भिजत घालतात, आणि पोराला त्या मानवतातही. कुत्र्याला मात्र द्राक्ष, मनुका, बेदाणा हे सारे विषारी आहे. त्याने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००१ साली याकडे लक्ष वेधले, आणि २०२१ साली त्यांचे बोट द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे गेले. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, तेव्हा चिंचेचा कोळही नको. किती मनुका चालतील, असा प्रश्न विचारू नये. एखादा कुत्रा मूठभर खाऊन फिरतो आणि दुसरा थोड्यावरच आडवा होतो. आधी उलट्या, मरगळ, मग दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. इंदापूर-बारामतीत द्राक्षबागा आहेत, बागेच्या राखणीला कुत्री आहेत, म्हणून हे जरा लांबवून सांगितले. खाल्ल्याचे लक्षात आले तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

टरपेंटाइन तर घशात घालूच नये. चारशे किलोच्या बैलाचे औषध वीस किलोच्या कुत्र्याला चमचा मोजून देता येत नसते. ते छातीत उतरले तर फुप्फुसे भाजून निघतात. कुठलेही तेल, एरंडेल असो की दुसरे, कुत्र्याचा जबडा धरून वरून ओतणे धोक्याचे आहे. बैलाला नळीने पाजायची सवय हाताला असते, तीच इथे नडते. साबणाची वडी आतल्या नाजूक त्वचेला जाळते. औषधाच्या दुकानात माणसांसाठी तयार एनिमाच्या बाटल्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत फॉस्फेटचे क्षार असतात. लहान कुत्र्याच्या रक्तातले क्षार त्याने असे बिघडतात की जीव जाऊ शकतो. काका भले माणूस आहेत, पण वडी त्यांना परत दिलेली बरी.

मग घरी करायचे तरी काय? एखादा दिवसच झाला असेल, कुत्रे हुशार असेल, खात-पीत असेल, उलटी नसेल, तर करण्यासारखे आहे. पहिले म्हणजे पाणी. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला लीटरभर तरी पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. साखळीला बांधलेल्या कुत्र्याचे तोंड गुरांच्या हौदापर्यंत पोचते का, हे एकदा जाऊन पाहा. आम्ही कितीतरी वस्त्यांवर जर्मनची थाळी पालथी पडलेली पाहिली आहे. भाकरी कोरडी न टाकता कोमट पाण्यात किंवा पातळ ताकात कुस्करून द्यावी. लाल भोपळा नुसता उकडून, मीठ-मिरची-कांदा-लसूण न घालता, दोन-तीन मोठे चमचे त्यात कालवावा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट, म्हणून रश्शाची भाकरीही नको. इसबगोल घरात असेल तर वीस किलोच्या कुत्र्याला एक चहाचा चमचा, भरपूर पाण्यात फुगवून खाण्यातून द्यावे. पण गोळा घट्ट अडकला असेल, किंवा कुत्रे पाणी पीत नसेल, तर इसबगोल देऊ नये. ते आत जाऊन आणखी भर घालते.

आणि त्याला मोकळे सोडा. कुत्रा आपल्या बसायच्या जागी घाण करायला नाखूश असतो. दिवसभर बांधून ठेवला की तो दाबून धरतो. सकाळ-संध्याकाळ बांधावरून चक्कर मारून आणली तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

दोन दिवस उलटले, किंवा त्याआधीच उलटी झाली, पोट ताठ झाले, रक्त आले, खाणे सुटले, तर घरगुती काही करू नये. गुरांचा दवाखाना गाठावा, किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करून विचारावे. मळ होतो का याबरोबर लघवी होते का, तेही पाहून ठेवा. लघवी तुंबलेला कुत्राही असाच कुंथतो, आणि त्याला दोन दिवसांची मुदत नसते. जुलाब लागलेलाही कुंथतो. त्याला बद्धकोष्ठ समजून रेचक दिले तर काय होईल ते सांगायला नको.

दर महिन्याला हेच दुखणे येत असेल तर कारण हाडांपलीकडचे असते. म्हाताऱ्या नर कुत्र्याची प्रोस्टेट ग्रंथी वाढून मार्ग दाबते. कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरचा किंवा सोलापूर रस्त्यावर गाडीचा धक्का बसलेला कुत्रा लंगडत बरा होतो, पण कमरेचे हाड वाकडे जुळून वाट अरुंद झालेली असते. केसाळ कुत्र्याच्या शेपटीखाली केसांची जट होऊन दारच बंद झालेले असते. ती जट मात्र कात्रीने जपून कापली आणि कोमट पाण्याने धुतले की झाले.

एक गोष्ट राहिली. जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, असे दिसले की माणसे म्हणतात हाड अडकले, आणि तोंडात हात घालतात. पिसाळलेला कुत्राही नेमका असाच दिसतो. हात घालू नका. पोरांना लांब करा, दोरी लांबूनच बांधा, डॉक्टरांना आधी तशी कल्पना द्या. हात घालून झाला असेल तर तो साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायला जावे.

वाघ्याला ताईंच्या दिरांनी दुपारीच जीपमध्ये घालून नेले. फोटोत कमरेच्या आत हाडांच्या चुऱ्याची लांबलचक रास दिसली. डॉक्टरांनी गुंगीचे औषध देऊन, सलाइन लावून, कोमट पाण्याने थोडे थोडे करत तास-दीड तासात ते काढले. "पांढरे ढेकूळच होते," ताई फोनवर म्हणाल्या. पोटात कोंबडीचे टोकदार हाड असते तर आतडेच फाटले असते, असे डॉक्टर म्हणाले म्हणे. वाघ्या दुसऱ्या दिवशी ताक-भाकरी खाऊन रात्री राखणीला हजर झाला. कडबनवाडीच्या माळावरचे लांडगे त्या बाजूला फिरतात, आणि ताईंच्या घरी बारा शेळ्या आहेत. कुत्र्यासाठी भाड्याची जीप का केली, असे गावात दोघे-तिघे हसले. ते हसू देत.

ताईंचा शेवटचा प्रश्न असा होता, की हाडे मग टाकायची कुठे? उकिरड्यावर टाकली तर कुत्रे तिथेही जाणारच. आम्ही त्यांना गुडघ्याहून खोल खड्डा काढायला सांगितला, वर माती आणि मातीवर दोन माणसांनी उचलायचा दगड. एरंडीची पेंड किंवा हाडांचे खत बागेला घालत असाल तर तेही असेच खोल गाडून, पोती बंद खोलीत ठेवावी. त्याच्या वासाने कुत्रे वेडे होते, आणि एरंडीची पेंड तर विषच. दगड हलका ठेवला तर वाघ्या एका रात्रीत उकरतो, हे ताईंनी पुढच्या आठवड्यात कळवले आहे.