जाहीर आवाहन : शहरात खोली घेताना वस्तीचं नाव नको, गल्ली बघा

हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाचही तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

निकाल लागले की आपल्या जिल्ह्यातून लेकरांचं जाणं सुरू होतं. कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याच्या पेठांमध्ये जातं, कोणी चाकण-रांजणगावच्या कंपनीत, कोणी वाळूजला, कोणी हैदराबादला. बॅग भरता भरता प्रत्येक घरात एक प्रश्न निघतोच : तिकडं कोणत्या भागात राहू नये? मग कोणी पाहुणा, कोणी आधी गेलेला मित्र चार नावं सांगतो. ही वस्ती खराब, तो एरिया डेंजर, अमक्या नगरात पायच ठेवू नको. तेवढ्या भरवशावर अॅडव्हान्स दिला जातो आणि आई-बाप निर्धास्त होतात.

प्रश्न काळजीपोटी येतो आणि तो विचारलाच पाहिजे. पण त्याचं उत्तर चार नावांच्या यादीत मिळत नाही. यादीवर विसंबून कोणीही खोली घेऊ नये, यासाठी हे आवाहन आहे.

हा धडा आपल्या हिंगोलीच्या मातीतच आहे. निजामाच्या काळात हिंगोली ही लष्करी छावणी होती. निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याची ठगांवरची कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची हकीकत नोंदवली आहे. हरिसिंग हा गावातला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचा आणि इतर गोऱ्या साहेबांचा त्याच्याशी व्यवहार होता. या हरिसिंगाने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना सरकारी अधिकाऱ्याकडून रीतसर घेतला. मग तिकडून माल घेऊन येणाऱ्या दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा, त्याच्या माणसांसकट, खून केला आणि तो माल त्याच परवान्यावर आणून छावणीत उघड विकला. त्याच्या ठगांच्या टोळीने छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून १०० यार्डांच्या आत माणसं मारली. ती पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम ५०० यार्डांवर पुरली. त्या वेळी परगावच्या वाटसरूने सुरक्षित जागा विचारली असती, तर सगळ्यांनी छावणीकडेच बोट दाखवलं असतं. विश्वासू माणूस म्हणून कदाचित हरिसिंगाचंच नाव सांगितलं असतं.

आता आजचं पुणं बघा. सदाशिव पेठ म्हणजे मराठवाड्यातल्या पालकांच्या मनातली सर्वांत बिनधोक जागा. २७ जून २०२३ रोजी त्याच पेठेत दिवसाढवळ्या एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं जिवावर उदार होऊन मध्ये पडली, म्हणून ती वाचली. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट आगारात फलटणच्या गाडीची वाट बघणाऱ्या तरुणीला एका माणसाने गोड बोलून, गाडी तिकडं लागली आहे असं सांगून, उभ्या असलेल्या रिकाम्या शिवशाहीत नेलं आणि तिच्यावर अत्याचार केला. पोलीस ठाणं तिथून हाकेच्या अंतरावर होतं. यांतली एकही जागा कोणाच्या 'टाळायच्या' यादीत नव्हती.

सरकारी आकडे तरी काय सांगतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अहवाल काढतो. त्यात २० लाखांहून अधिक वस्तीच्या १९ महानगरांचे आकडे असतात, पण ते अख्ख्या शहराचे असतात. कोणतं नगर, कोणती गल्ली हे त्यात नसतं. शिवाय ते नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. जिथं लोक बिनधास्त तक्रार देतात आणि पोलीस ती लिहून घेतात, तिथला आकडा फुगतो. जिथं दहशतीपायी कोणी ठाण्याची पायरीच चढत नाही, तिथला आकडा छोटा दिसतो.

वस्तीचं बदललेलं रूपही यादीत उतरत नाही. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या आणि गावाच्या नावावर कायमचा शिक्का बसला. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला समित्या उभ्या केल्या, पोलीस आणि रहिवाशांना एका बैठकीत बसवलं. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. पण ऐकीव माहितीवर बोलणाऱ्यांच्या तोंडी भिवंडी जुनीच राहिली.

शिवाय ज्या वस्त्यांची नावं आपण कुजबुजत घेतो, तिथंच शहराची धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, कंपनीत पाळ्या करणाऱ्या माणसांची घरं असतात. भाडं परवडतं म्हणून आपली माणसंही तिथंच उतरतात. गुंडाचा पहिला त्रास त्यांनाच होतो आणि वर बदनामीही त्यांच्याच वाट्याला येते. जन्मावरून जमातींना गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा या देशाने १९५२ साली रद्द केला. पत्त्यावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची खोड आपण लावून घेऊ नये.

याचा अर्थ कुठंही राहा असा नाही. टाळण्यासारख्या जागा असतात आणि त्या ठामपणे टाळाव्यात. फक्त त्या स्वतः बघून ओळखाव्यात. वसमतच्या बाजारात हळद घेणारा गावाचं नाव ऐकून सौदा करत नाही, पोत्यात हात घालून बघतो. खोलीही तशीच बघा.

शहरात जाणाऱ्या मुला-मुलींना विनंती

१. खोली दोनदा बघा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर. कंपनीची दुसरी पाळी असेल, तर पाळी सुटते त्या वेळी बसथांब्यापासून खोलीपर्यंत चालून बघा. रस्त्यावर दिवे आहेत का, मेडिकल-किराणा उघडं आहे का, बाया-माणसं बिनधास्त ये-जा करतात का, हे डोळ्यांनी बघा. मध्ये पडीक प्लॉट, बंद कारखाना, ओसाड भुयारी मार्ग असेल आणि दुसरी वाट नसेल, तर खोली कितीही स्वस्त असो, नाही म्हणा.

२. एजंटाचा शब्द पुरेसा नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार, भाजीवाली मावशी, मेसच्या काकू, रिक्षा थांब्यावरचे चालक यांना विचारा. आधीचा भाडेकरू का गेला, हे शेजारच्या खोलीत विचारा. जवळच्या पोलीस चौकीत जाऊन त्या भागाच्या बीट अंमलदाराला भेटा. नवीन राहायला येतोय म्हणून विचारण्यात कमीपणा नाही.

३. घराचं दार, कडी, खिडकीचे गज तपासा. इमारतीत कोण कोण राहतं, मालक तिथं राहतो की महिन्याला फक्त भाड्यापुरता येतो, रात्री फाटक कोण लावतं, हे विचारा. खाली अड्डा बसत असेल, दारू-जुगार चालत असेल, तर ती जागा नको.

४. करार नोंदवल्याशिवाय राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायला मालक टाळाटाळ करत असेल, तर समजा की काहीतरी लपवायचं आहे.

५. खोली न बघता पैसे पाठवू नका. मी लष्करात आहे, बदली झाली, आधी टोकन पाठवा, असं सांगून फोटोतली खोली भाड्याने देणारे भामटे आहेत. पैसे घ्यायला कधीच क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फसलात तर त्याच तासात १९३० ला फोन करा.

६. रात्रीच्या ट्रॅव्हल्स पहाटे हायवेवर उतरवून देतात. उजाडेपर्यंत वर्दळीच्या, उजेडाच्या जागी थांबा. न्यायला येणारा माणूस आधी ठरवा. बसस्थानकावर कोणी ताई म्हणो की दादा, गाडी तिकडं लागलीय म्हणाला तर चौकशी खिडकीवरच विचारा. संकटात ११२, महिलांसाठी १८१.

७. मुलांनो, हे खास तुमच्यासाठी. २०२२ च्या अखेरीपासून पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द ऐकू येतो. पकडलेल्यांत अल्पवयीन पोरं बरीच निघाली. टपरीवरची ओळख, मग एखाद्या भाईच्या वाढदिवसाला जाणं, मग त्याच्यासोबतची रील, आणि एक दिवस भांडणात नाव. तिथं बसूच नका. आपलं बँक खातं किंवा सिमकार्ड चार पैशांसाठी कोणाला वापरायला देऊ नका. सायबर गुन्ह्याचे पैसे त्यातून फिरले, तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

आई-वडिलांना विनंती

लेकराला सोडायला जाल तेव्हा मालकाला भेटा, शेजाऱ्याचा नंबर घ्या, पोलीस ठाण्याचं नाव लिहून आणा. दोन हजार रुपये वाचावेत म्हणून रोज अंधारातून चालत यायला लावू नका, जमेल तिथून वाचवा पण इथं नाही. आणि पोरीने काही त्रास सांगितला, तर पहिलं वाक्य "घरी परत ये" असं नको. या भीतीनेच मुली गप्प बसतात. तिचं ऐकून घ्या, जागा बदलून द्या, तक्रार द्यायला सोबत जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कुठंही घडलेला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि तिची प्रत मोफत मिळते. पुण्यात घडलेल्या गुन्ह्याची खबर हिंगोलीतही देता येते.

ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांना आणि मुकादमांना विनंती

तुम्हाला जागा निवडता येत नाही. फडाच्या कडेला कोपी किंवा साइटवरचं पत्र्याचं शेड, एवढंच मिळतं. म्हणून निघण्याआधी कुटुंबातल्या माणसांची नावं, कारखान्याचं किंवा भट्टीचं ठिकाण आणि मुकादमाचा नंबर ग्रामपंचायतीत लिहून द्या. मुकादमांनी उचल देतानाच दिवा, पाणी, आंघोळीचा आडोसा आणि संडास यांची सोय मालकाकडून कबूल करून घ्यावी. हाताखालच्या बायका-मुलींच्या सुरक्षेची जबाबदारी तुमची आहे, ती नाकारता येणार नाही. मुलांवर संकट आलं तर १०९८.

आधीच शहरात स्थिरावलेल्या हिंगोलीकरांना विनंती

खरी माहिती तुमच्याकडेच आहे. कोणत्या गल्लीत रात्री एकटं जाता येतं, कोणता मालक डिपॉझिट बुडवतो, कोणत्या रस्त्यावरचे दिवे महिनोन् महिने बंद आहेत, हे तुम्हाला रोजच्या जगण्यातून कळलेलं आहे. ते नव्याने येणाऱ्याला सांगा. वस्तीला नावं ठेवू नका, नेमकी अडचण सांगा. पहिले आठ दिवस एका नव्या मुलाला किंवा मुलीला आपल्या घरी उतरू द्या, म्हणजे खोली घाईत घ्यावी लागणार नाही. आणि सदाशिव पेठेतल्या त्या मुलांसारखं, समोर काही घडत असेल तर मोबाइलमध्ये टिपत उभे राहू नका.

शेवटी गावांना आणि महाविद्यालयांना. प्रत्येक ग्रामपंचायतीने, प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने एक वही ठेवावी : कोण कुठं गेलं, कोणाकडे उतरलं, अडीअडचणीला तिथलं कोण धावून येईल. सुट्टीत घरी आलेल्या मुला-मुलींना एक दिवस बोलवून त्यांचे अनुभव पुढे जाणाऱ्यांना ऐकवावेत. याला निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. या निकालानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत हा विषय घ्या, वही उघडा, आणि तुमच्या गावातून यंदा बाहेर पडणाऱ्या पहिल्या लेकराचं नाव तीत लिहा.

आपला,
एक हिंगोलीकर